गच्चीवरचं विमान आणि आतला रंग

"साहेब, आतल्या बाजूला कोण बघतंय?"

मे महिन्यातला शनिवार. आमच्या सोसायटीत दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याआधी खिडक्यांच्या ग्रिल रंगवायचा कार्यक्रम असतो. बोरिवली पश्चिम, खाडी जवळ, त्यामुळे लोखंडाचं आयुष्य तसंही कमीच. पेंटर काका स्टुलावर चढून सरळ पांढरा ऑइलपेंट फासत होते. मी आपलं सहज विचारलं, "काका, आधी रेड ऑक्साइड मारलंत ना?" तर म्हणाले, पुढून मारलंय. भिंतीकडच्या बाजूला? त्यावर हे वरचं उत्तर.

खरं तर उत्तर बिनतोड होतं. आतल्या बाजूला खरंच कोणी बघत नाही. फक्त गंज तिथूनच सुरू होतो. गेल्या खेपेला आमच्या बेडरूमची ग्रिल नेमकी भिंतीत जाते तिथेच कुजली होती. बाहेरून रंग एकदम झकास, आणि बोट दाबलं तर खपली हातात!

दुपारी डोक्यात तेच घोळत होतं आणि मला एकदम चारकोप आठवलं. आमच्यापासून रिक्षाने जेमतेम वीस मिनिटं. तिथल्या एका गच्चीवर एका माणसाने चक्क विमान बांधलं होतं.

मंडळी, कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. २०१६ साली सगळ्या पेपरांत होती. पेशाने वैमानिक, नोकरी जेट एअरवेजमध्ये, घर कांदिवलीच्या चारकोपमध्ये. इमारत पाच मजली, लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचं सामान, एवढंच काय इंजिनसुद्धा त्या अरुंद जिन्याने वर गेलं. गच्चीवर शेड टाकून, उन्हाळे-पावसाळे काढत तयार झालं सहा आसनांचं, एका इंजिनाचं विमान टीएसी-००३. नावातल्या तीनचा अर्थ लक्षात घ्या. खटाटोप नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला आणि आधीचे दोन प्रयत्न आकाशापर्यंत पोचले नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीत 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं, तेव्हा विमानाचे भाग सुटे करून गच्चीवरून खाली उतरवले, तिकडे नेऊन पुन्हा जोडले आणि मग सगळी मुंबई बघायला गेली.

(जाता जाता: त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, आणि १८९५ मध्ये चौपाटीवर तळपद्यांचं विमान उडालं की नाही यावर सगळीकडे हाणामारी चालू होती. ज्या विमानाचा भक्कम पुरावा नाही त्यावर आपण महिनाभर भांडलो. आणि ज्याचे रिव्हेट मोजता आले असते ते चारकोपला गच्चीवर उभं होतं. असो.)

तेव्हा सगळ्यांनी विचारलं ते म्हणजे इंजिन कुठलं, खर्च किती, उडणार का. माझ्यासारख्या माणसाला मात्र आता, ती कुजकी ग्रिल बघितल्यावर, वेगळाच प्रश्न पडतो. चारकोपच्या एका अंगाला खारफुटी आणि मनोरीची खाडी. जून ते सप्टेंबर हवेत पाण्याची वाफ आणि मीठ. अशा जागी धातूचा पत्रा वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवून त्याचं विमान करायचं म्हणजे खरा सामना गुरुत्वाकर्षणाशी नाहीच, मिठाशी आहे. आणि तो सामना ज्या गोष्टीने लढायचा ती म्हणजे प्रायमर. विमान पूर्ण झालं की ती कोणालाही दिसत नाही, कारण ती दोन पत्र्यांच्या मध्ये असते.

प्रायमरची गोष्ट विमानाहून खूप जुनी आहे आणि आपल्या चांगली ओळखीची आहे. लोखंडावरचा जुना खानदानी प्रायमर म्हणजे रेड लेड, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, जवसाच्या तेलात कालवलेलं. जहाजं, पूल, रेल्वेचं लोखंड, सगळ्याला तेच. आता या रेड लेडला मराठीत काय म्हणतात? शेंदूर! गावोगावच्या मारुतीला तेलात कालवून जो पिढ्यान्‌पिढ्या फासला जातो तोच पारंपरिक शेंदूर. म्हणजे आपल्या एकमेव उडणाऱ्या देवाला आपण शेकडो वर्षं गंजरोधक प्रायमर लावत आलोय. यातून कुठलाही प्राचीन विज्ञानाचा दावा मला करायचा नाही, कृपया मेल पाठवू नयेत :-)

सुरुवातीच्या विमानांना हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पडत होता. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पस मॉथ या विमानातून. त्याच्या अंगात स्टीलच्या नळ्या होत्या, पंख लाकडाचे, आणि वरून कापड ताणून त्यावर डोप नावाचं वार्निशासारखं लुकण. आणि जुहूचा तो तळ तरी कसा? समुद्राला लागून, पावसाळ्यात पाण्याखाली. म्हणून पावसाळ्यात टाटांची ही टपालसेवा चक्क पुण्याला हलायची. म्हणजे मुंबईतल्या विमानांनी मुंबईच्या पावसापुढे हात टेकले ते पहिल्याच वर्षांपासून. लाकूड कुजतं, कापड सडतं, गोंद सुटतो. धातूचं विमान आलं की हे सगळं संपणार असं वाटत होतं.

धातूचं विमान शक्य झालं ते एका वीकेंडमुळे. (आमच्या ब्लॉगच्या धोरणात अगदी चपखल बसणारी गोष्ट!) शुद्ध ॲल्युमिनियम हलकं, पण मऊ, त्याच्या पत्र्याचे डबे होतील, पंख नाही. १९०६ च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म हा धातुशास्त्रज्ञ त्यात थोडं तांबं, थोडं मॅग्नेशियम मिसळून, तापवून, पाण्यात बुडवून बघत होता. असं सांगतात की शनिवारी एक तुकडा तपासला, तर काही खास नाही. उरलेलं काम सोमवारवर टाकलं. सोमवारी तोच तुकडा तपासला तर तो बराच कडक झालेला. नुसता पडून राहून! धातूच्या आत तांब्याचे अतिसूक्ष्म कण हळूहळू वेगळे होत होते आणि थरांना एकमेकांवरून घसरू देत नव्हते. याचंच पुढे ड्युरॅलुमिन झालं. त्यातून आधी झेपेलिनचे सांगाडे झाले, मग विमानं.

पण ज्या तांब्याने ताकद दिली त्यानेच घात केला. शुद्ध ॲल्युमिनियम हवा लागताच स्वतःवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार करून घेतं आणि मग स्वस्थ बसतं. ते एका अर्थी स्वतःच स्वतःचा प्रायमर असतं. तांबं मिसळलं की मात्र पत्र्याच्या आत लाखो छोट्या बॅटऱ्या तयार होतात. एकीकडे तांब्याचा कण, शेजारी ॲल्युमिनियम. दोघांना जोडणारं खारं पाणी मिळालं की करंट सुरू आणि ॲल्युमिनियम विरघळायला लागतं. अकरावीत केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला केलेला सेल आठवतोय का? तोच, फक्त विमानाच्या पंखात. आणि हा गंज लाल नसतो. पांढरी भुकटी. कधी कधी तर वरून काहीच दिसत नाही. तो धातूच्या कणांच्या सीमांवरून आत आत सरकत जातो आणि चांगला दिसणारा पत्रा ठिसूळ होऊन बसतो. आमच्या ग्रिलसारखाच प्रकार, फक्त तिथे बोट दाबून बघायची सोय नाही.

१९२० च्या दशकात अमेरिकेत या ठिसूळ पत्र्यांनी चांगलीच झोप उडवली. त्यावरचा पहिला उपाय १९२७ मध्ये आला, अल्कोआ कंपनीच्या एडगर डिक्सकडून. आत ताकदवान मिश्रधातू आणि दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचं अस्तर, पत्रा लाटतानाच चिकटवलेलं. जाडी प्रत्येक बाजूला पत्र्याच्या अडीच ते पाच टक्के. याचं नाव अल्क्लॅड. थोडक्यात सँडविच: आतला ताकद देतो, बाहेरचा मार खातो. ओरखडा पडला तरी अस्तर आधी झिजतं, आतला वाचतो. आज जगात घरी विमान बांधणारे जो पत्रा वापरतात तो बहुतेक हाच.

दुसरा उपाय झिंक क्रोमेट. हिरवट-पिवळा रंग. युद्धकाळातल्या विमानांचे आतले फोटो बघितलेत तर जो हिरवा-पिवळा दिसतो तो हाच. त्यात थोडा काळा मिसळला की हिरवा होतो. याचं काम फार हुशारीचं आहे. साधा रंग म्हणजे भिंत: जोवर भोक पडत नाही तोवर ठीक. क्रोमेट नुसती भिंत नाही. ते पाण्यात अगदी थोडं विरघळतं. ओरखडा पडला, पाणी आत शिरलं, की तेच पाणी शेजारच्या रंगातून थोडं क्रोमेट उचलून ओरखड्यापर्यंत नेऊन पोचवतं आणि तिथे पुन्हा संरक्षक थर तयार होतो. चोराच्याच हातून पोलिसाला निरोप! आमच्या धंद्यात सेल्फ-हीलिंग सिस्टीम वगैरे शब्द सेल्सवाले प्रेझेंटेशनमध्ये टाकतात. हा रंग ते कित्येक दशकांपासून निमूटपणे करतोय.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघू, कारण गंमत तिथेच आहे. पत्रा कापायचा, भोकं पाडायची, सगळे भाग क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिनांनी तात्पुरते जोडून बघायचे. जमलं? मग पुन्हा सगळं सोडायचं! प्रत्येक भोकाची धार घासून काढायची. मग पत्रा सॉल्व्हंटने पुसायचा, खरखरीत पॅडने घासायचा, सौम्य फॉस्फोरिक ॲसिडने धुवायचा आणि त्यावर पाणी सोडून बघायचं. पाणी सलग पडद्यासारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब तुटले तर अजून तेलकट आहे, पुन्हा घासा. (खरकटं ताट नळाखाली धरा, परीक्षा तीच.) हवं असेल तर मध्ये ॲलोडाइनची पायरी, त्याने पत्रा फिकट सोनेरी होतो. यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, बोटांचा घामही खाराच. मग स्प्रे गनने प्रायमरचा एक पातळ थर. जाडी साधारण पंचवीस मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कमी. जाड मारला तर वजन वाढतं आणि तो तडकतोसुद्धा. वाळला की आता कुठे रिव्हेट मारून दोन पत्रे कायमचे जोडायचे. त्यानंतर तो आतला रंग पुन्हा कोणाच्या नजरेला पडत नाही.

आणि हे सगळं मुंबईत? पुन्हा मिठाशीच गाठ. जुलैत इथे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. कॉम्प्रेसर तीच हवा दाबतो, त्यामुळे होजमधून रंगाबरोबर पाणीही यायला लागतं; गाळणीचा ट्रॅप सतत रिकामा करत बसा. इपॉक्सीसारखे दोन भाग मिसळायचे रंग दमट हवेत नीट बसत नाहीत, वर चिकट धुरकट साय धरतात. आणि सकाळी घासून स्वच्छ केलेला पत्रा तसाच ठेवून तुम्ही दोन दिवसांनी रंगवायला गेलात तर त्यावर पुन्हा काहीतरी बसलेलं असतं. ऑफिस सांभाळून वीकेंडला काम करणाऱ्याला हा हिशेब फार महाग पडतो.

म्हणूनच अमेरिकेत, जिथे घरी विमान बांधणाऱ्यांची ईएए ही संघटना १९५३ पासून आहे आणि हजारो लोक गॅरेजमध्ये किट जोडतात, तिथे प्रायमरवरून अक्षरशः धर्मयुद्धं होतात. एक पंथ म्हणतो, पत्रा अल्क्लॅड आहे, अस्तर असताना आणखी रंग कशाला? वजन वाढतं, वेळ जातो. १९५० ते ७० च्या दशकांतली कित्येक सेस्ना विमानं कारखान्यातून आतून बिनरंगाचीच बाहेर पडली आणि अजून उडतायत. दुसरा पंथ म्हणतो, हो, उडतायत, कारण ती ॲरिझोनात राहतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचं उघडून बघा.

माझं मत विचाराल तर मी सरळ दुसऱ्या पंथात. कारण एक तारीख आहे: २८ एप्रिल १९८८.

हवाईमधल्या हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७. वय १९ वर्षं. बेटाबेटांवर आखूड फेऱ्या, त्यामुळे एकूण उड्डाणं ८९,६८०. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवा भरली जाते आणि सोडली जाते, म्हणजे विमान तेवढ्या वेळा फुग्यासारखं फुगून बसलं होतं. आणि सगळं आयुष्य समुद्राच्या खाऱ्या हवेत. २४,००० फुटांवर छताचा साधारण १८ फूट लांबीचा तुकडा उडून गेला. प्रवासी उघड्या आकाशाखाली, पट्ट्यांनी बांधलेले. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली, ती कधीच सापडली नाही. बाकीच्या ९४ जणांना घेऊन वैमानिकांनी ते विमान माउई बेटावर उतरवलं, हे आजही खरं वाटत नाही. चौकशीत सापडलं ते हे: पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथला चिकटवलेला जोड सुटला होता, ओल आत शिरली होती, गंज धरला होता, आणि सगळा ताण रिव्हेटच्या भोकांवर येऊन तिथे तडे वाढत गेले होते. तपासणीत ते कोणाला दिसले नाहीत. दोन पत्र्यांच्या मध्ये. आतल्या बाजूला.

त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर बदलले. आज तुम्ही-आम्ही सहार किंवा सांताक्रूझहून निश्चिंत मनाने बसतो त्यात त्या बाईच्या मरणाचा वाटा आहे.

इथवर क्रोमेट हिरो. पण गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ही बाजू मला स्वतःला वाचताना जास्त टोचली. ज्या क्रोमेटमुळे पत्रा वाचतो त्यात सहा संयुजेचं क्रोमियम असतं. ते फुप्फुसाच्या कॅन्सरला कारण ठरतं हे आता पक्कं माहीत आहे. 'एरिन ब्रॉकोविच' बघितलाय? ज्युलिया रॉबर्ट्सला ज्यासाठी ऑस्कर मिळालं तो? त्यातल्या गावाच्या पाण्यात मुरलेलं विष हेच. अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या हवेत त्याची जी मर्यादा होती ती २००६ मध्ये एकदम दहापट खाली आणून घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम केली गेली. म्हणजे किती पिढ्या रंगाऱ्यांनी हिरवट-पिवळा फवारा मास्कशिवाय छातीत भरला असेल याचा विचार करा. पंखाच्या आतली जागा कोणी बघत नव्हतं, आणि रंगाऱ्याच्या आतली तर त्याहून नाही. शेंदराचंही तेच. शिसं म्हणजे विषच, म्हणून लोखंडावरून तो गेला आणि त्याच्या जागी रेड ऑक्साइड आलं, जे खरं तर गंजाचंच सोवळं भावंड. विमानांसाठी क्रोमेटविरहित प्रायमर निघालेत, घरी बांधणारे बरेच जण तेच वापरतात. पण ओरखड्यापर्यंत स्वतः चालत जाणारा क्रोमेटचा गुण त्यांच्यात तितका उतरवणं अवघड गेलंय, म्हणून मोठ्या विमानांतून क्रोमेट अजून पुरतं हद्दपार झालेलं नाही.

चारकोपच्या विमानाचं पुढे काय झालं? मिठानंतर गाठ पडली ती कागदाशी. घरी बांधलेल्या विमानाची नोंदणी कशी करायची यावरच डीजीसीएच्या दारात वर्षं गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, अक्षरं व्हीटी-एनएमडी, नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून घेतलेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात विमानांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारबरोबर ३५,००० कोटींच्या सामंजस्य कराराची बातमी आली, आणि पेपरांना तो आकडा प्रचंड आवडला. मला विचाराल तर त्या आकड्यापेक्षा पुढची तारीख मोठी. ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी आली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली होती, हेही लक्षात ठेवा. आणि ऑगस्ट २०२० मध्ये, आपण सगळे घरात बसून झूमवर 'आवाज येतोय का' करत होतो तेव्हा, धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान खरंच उडालं.

बीकेसीतल्या प्रदर्शनापासून धुळ्याच्या धावपट्टीपर्यंत साडेचार वर्षं. या काळात बातम्यांत फायलींबद्दल पुष्कळ आलं, पत्र्याबद्दल काहीच नाही. पण फाईल कपाटात पडून राहिली तर फार तर धूळ बसते. पत्रा पडून राहिला तर बॅटऱ्या चालू असतात. आधीची सगळी वर्षं खाडीकाठच्या हवेत काढून, मग इतकी वाट बघून एखादं धातूचं विमान उडण्याच्या लायकीचं उरतं, याचं श्रेय इंजिनाइतकंच आतल्या जोडांना द्यायला हवं. धुळे समुद्रापासून लांब, हवा कोरडी. टाटांचं टपाल पावसाळ्यात पुण्याला जायचं, त्याच चालीवर चारकोपचं विमान धुळ्याला गेलं असं म्हणायला मला आवडेल, पण खरं कारण एवढंच की मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात कोणी चाचणीसाठी घिरट्या घालू देणार नाही.

रविवारी सकाळी काका पुन्हा आले. मी त्यांना अलोहाची गोष्ट सांगितली, अगदी छत उडण्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "साहेब, तुमची ग्रिल उडणार नाही." मग थोड्या वेळाने, "आतून मारायचं तर सगळं सोलावं लागेल. दोन दिवस जास्त." दोन दिवसांची मजुरी ठरली. सोलायला सुरुवात केल्यावर जुन्या रंगाची पिवळट भुकटी घरभर उडाली, आणि काकांच्या तोंडाला फक्त गळ्यातला रुमाल. आमची बिल्डिंग १९८० च्या दशकातली. त्या रंगात काय काय होतं कोण जाणे.

काम थांबवून मी नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दोन मास्क आणले, एक काकांना, एक मला. उद्या आतली बाजू.